मुठीतला काटा

फोनवरचा आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. ‘‘सरतापे साहेब पडल्यात. डोक्यातनं रगत चाललंय. लवकर या,’’ एवढं बोलून ती थांबली. मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

फौजदार अंजली रणदिवेनं पत्ता विचारला नाही. डॉ. गंगाराम सरतापे यांना बारामतीत ओळखत नाही असा माणूस नव्हता. मातीचे डॉक्टर. आयुष्यभर त्यांनी बारामती-इंदापूरच्या शेतांतली माती तपासली होती आणि उसाला पाणी किती द्यायचं यावरून शेतकऱ्यांशी भांडणं केली होती. अंजलीनं हवालदार तात्याबाला जीप काढायला सांगितलं.

डॉक्टर बैठकीच्या खोलीत पालथे पडले होते. डोकं लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. श्वास चालू होता, पण संथ. त्यांच्या मागं भिंतीतलं काचेचं कपाट उघडं होतं आणि आतले निळ्या मखमलीचे कप्पे रिकामे होते.

त्यांना उचलून गाडीत घालताना अंजलीला दिसलं की त्यांची उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे. तिनं एकेक बोट हळूच सोडवलं. आत जेवणाचा एक काटा होता. पांढरा, चकचकीत, चार दातांचा. मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत कुणाचंसं नाव ठोकलेलं होतं.

‘‘याबद्दल कुणाशी बोलायचं नाही,’’ ती तात्याबाला म्हणाली. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पडता पडता माणूस हाताला येईल ते धरतो. पण धरलेलं इतकं घट्ट आवळत नाही.

तात्याबानं काट्याच्या दांड्याला ओळखचिठ्ठी लावली, वर रबर गुंडाळलं आणि तो ठाण्याच्या कपाटात ठेवून दिला.

डॉक्टरांना दवाखान्यात दाखल केलं. कवटीला मार होता. शुद्धीवर येतील की नाही, आले तर बोलतील की नाही, कुणीच खात्रीनं सांगत नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर त्यांच्या पत्नी केसरबाई बसल्या होत्या. पांढरी साडी, हातात पर्स. रविवार म्हणून सकाळी त्या विहारात वंदनेला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं.

कपाटात काय होतं, असं अंजलीनं विचारलं. केसरबाईंनी डोळे पुसले आणि सावकाश सगळं सांगितलं.

त्यांचं मूळ गाव वरकुटे. गंगाराम शाळकरी होता तेव्हा गावच्या हॉटेलात त्यांच्या माणसांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची. चहा प्यायचा, आपणच धुवायची, परत ठेवायची. पुढं छप्पन्नला घरानं दीक्षा घेतली, पोरगा शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला. तिथं एका म्हातारीच्या घरी भाड्यानं राहायला मिळालं. पहिल्या संध्याकाळी तिनं आपल्या आजीच्या वेळचे चांदीचे चमचे काढले आणि सगळ्यांसारखाच एक याच्याही पानाशी ठेवला.

‘‘साहेबांना घास गेला न्हाय त्या दिशी,’’ केसरबाई म्हणाल्या. ‘‘म्हातारीला वाटलं, पोराला जेवण आवडलं न्हाय. परत येताना तिनं तोच चमचा दिला. मग त्यांना नादच लागला. सुट्टी मिळाली की जुन्या बाजारात जायचं आन् तसलंच चमचे हुडकायचं. कपडं घेतलं न्हाईत, चमचं घेतलं.’’

तो संग्रह आता पुण्याच्या एका संग्रहालयाला द्यायचा ठरला होता. त्यांच्या जाणकार बाई सोमवारी तपासायला येणार होत्या. त्यासाठी नवरा-बायकोंनी शनिवारी बसून सगळे चमचे घासून लख्ख केले होते. काटे मात्र साहेबांनी कुणाला हात लावू दिले नाहीत. ते खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत बसले. मग उठून कुणाला तरी फोन केला.

‘‘कुणाला?’’

‘‘मी सैपाकात हुते. ठावं न्हाय.’’

‘‘हे चमचे कधी घराबाहेर गेले होते?’’

‘‘चमचं कवाच न्हाईत. काटे तेवढे दिवाळीत राजवर्धननं नेलते, फोटू काढायला. घरात आठवण ऱ्हावी म्हून.’’

‘‘कपाटाला कुलूप असायचं?’’

‘‘कशाला? घरी येणारी मानसं घरचीच. राजवर्धन, आप्पासाहेब, आमचा विकी.’’

विकीचं नाव घेताना त्यांचा आवाज खाली गेला. ते अंजलीच्या लक्षात आलं.

विकी म्हणजे डॉक्टरांचा पुतण्या. आईवडील लवकर गेले म्हणून केसरबाईंनीच वाढवलेला. त्यानं कॉलेज सोडून इंदापुरात केबल टीव्हीचा धंदा टाकला, तेव्हापासून काका-पुतण्यात बोलणं नव्हतं. गेल्या आठवड्यात तो घरी आला होता आणि संग्रह फुकट का देता म्हणून मोठमोठ्यानं भांडून गेला होता. आळीनं ते ऐकलं होतं.

अंजलीच्या वरिष्ठांना, ठाण्याच्या मोठ्या साहेबांना, एवढं पुरेसं होतं. त्याच लोखंडी कपाटात केसरबाईंच्या सोन्याच्या पाटल्या होत्या, त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. बाहेरच्या चोरानं सोनं सोडून चमचे नेले असते का, असा त्यांचा सवाल होता. काकूचं सोनं फक्त घरचाच पोरगा सोडील.

अंजलीला ते पटत होतं आणि पटतही नव्हतं. सोन्याला हात न लावणाऱ्या माणसाला चमचेच हवे होते, इतकंच त्यातून सिद्ध होत होतं.

ती आधी आप्पासाहेब शेंडग्यांकडे गेली. अंथुर्ण्याचे द्राक्षबागायतदार, डॉक्टरांचे शाळेपासूनचे मित्र. बागेत फवारणीची गडबड चालू होती. वेलींवर भुरीचा रोग पडू नये म्हणून गडी पिवळी गंधकाची भुकटी धुरळत होते. आप्पासाहेबांचं धोतरसुद्धा पिवळं झालं होतं.

‘‘रविवारी सकाळी कुठं होता?’’

‘‘हितंच. बागंत.’’

‘‘तुमची जीप डॉक्टरांच्या दारात उभी होती. समोरच्या दुकानदारानं पाहिलीय.’’

आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. पिवळा धुरळा उडाला.

‘‘व्हय, आलतो. द्राक्षाची पेटी द्यायची हुती. दार लोटलेलं, हाक मारली, कुणी ओ दिली न्हाय. पेटी न ठिवताच माघारी फिरलो. मागनं कळलं, तवा वाटलं की आपल्याच अंगावर यील. म्हून बोललो न्हाय.’’

‘‘आत डोकावला नाहीत?’’

‘‘न्हाय. डोकावलो असतो तर...’’ त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ‘‘चार फुटांवर पडलं हुतं मानूस, आन् मी दारातनं माघारी फिरलो.’’

ते खरं बोलत होते की उत्तम नाटक करत होते, हे अंजलीला ठरवता आलं नाही. एकदा खोटं बोललेला माणूस होता.

राजवर्धन थोरवे तिला दवाखान्यातच भेटला. इंदापूर रस्त्यावरच्या एका साखर कारखान्यात तो मुख्य केमिस्ट होता. चाळिशीचा, नीटनेटका, हळू आवाजात बोलणारा. कारखान्याच्या कामानिमित्त त्याची डॉक्टरांशी ओळख झाली आणि मग तो घरातलाच झाला. केसरबाईंसाठी तो रोज जेवणाचा डबा आणत होता.

‘‘या चमच्यांत एवढं विशेष काय आहे?’’ अंजलीनं विचारलं.

‘‘अमेरिकेत त्या काळी चांदी सहज मिळत नसे. लोक साठवलेली नाणी सोनाराकडे नेत, तो ती वितळवून चमचे घडवी. नऊ भाग चांदी, एक भाग तांबं. म्हणून ती नाण्यांची चांदी. त्यावर सरकारी छाप नसतो, फक्त घडवणाऱ्याचं नाव. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं काम आहे ते.’’

‘‘आणि काटे?’’

‘‘ते फार दुर्मीळ. चमचे पुष्कळांकडे असत. चांदीचे काटे थोड्याच घरांनी घडवून घेतले. सरांकडे चार होते, एकाच सोनाराच्या हातचे.’’

‘‘रविवारी सकाळी तुम्ही कुठे होता?’’

‘‘कारखान्यात. हंगाम चालू आहे, मॅडम. गाळपाच्या दिवसांत आम्हाला रविवार नसतो.’’ तो जायला निघाला आणि थबकला. ‘‘एक विचारू? घरात एखादा काटा वगैरे पडलेला मिळाला का? कपाटामागे, कुठे?’’

‘‘नाही,’’ अंजली म्हणाली.

बुधवारी ठाण्यात निनावी फोन आला. विकीच्या स्कूटरची डिकी तपासा, असं सांगून माणसानं फोन ठेवला. स्कूटर दवाखान्याच्या आवारात उभी होती. काकाशी बोलणं तुटलं होतं तरी पोरगा दिवसभर तिथंच बसून असे. डिकीत एका फडक्याची पुरचुंडी निघाली. पुरचुंडीत सहा चमचे होते.

विकीला जागेवरच ताब्यात घेतलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. ‘‘काकूला सांगू नका,’’ एवढंच म्हणाला. पण काकू दारातच उभ्या होत्या.

ठाण्यात पंचनामा करताना तात्याबानं चमचे टेबलावर मांडले आणि नाक मुरडलं. सगळे काळेकुट्ट पडले होते, जणू चुलीतून काढावेत. फडक्याच्या घडीत पिवळी पूड होती.

‘‘हळद दिसतीया, म्याडम,’’ तो म्हणाला.

अंजलीनं चिमूटभर पूड नाकाशी नेली. काडेपेटीसारखा वास आला. तिनं ती पूड वेगळ्या कागदात बांधून ठेवली.

विकीनं सगळं नाकारलं. रविवारी सकाळी तो इंदापुरात खांबावर चढून केबल जोडत होता. साक्षीला एक पोरगं होतं, तेही त्याच्याच पगारावरचं. मोठ्या साहेबांनी प्रकरण मिटलं असं समजून उरलेला माल कुठे दडवला ते काढून घ्यायला सांगितलं. उद्या कोर्टात उभा करायचा होता. डॉक्टर गेले, तर कलमही बदलणार होतं.

सकाळी केसरबाई विकीला भेटायला आल्या. अंजलीनं त्यांना आपल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि कपाटातला काटा काढून त्यांच्यापुढं ठेवला. तो साहेबांच्या मुठीत होता, हे त्यांना तिनं पहिल्यांदाच सांगितलं.

केसरबाई काट्याकडं बघत राहिल्या. मग एकदम पुढं झाल्या आणि दांड्यावरचं रबर सोडवू लागल्या.

‘‘रबर नगा लावू, बाई. चांदीवर काळा पट्टा पडतो. मी येकदा लावलतं तर साहेब दोन दिवस बोललं न्हाईत माझ्याशी.’’ त्यांनी रबर काढून काटा उजेडात फिरवला. ‘‘नशीब. डाग पडला न्हाय अजून.’’

अंजलीनं चहाचा कप खाली ठेवला.

काटा रविवारपासून रबरात होता. तरी दांडा कोरा होता. चमचे शनिवारी घासले होते. ते मात्र बुधवारी काळेठिक्कर.

तिनं केसरबाईंना घरी पाठवलं. मग कृषी सेवा केंद्रातून गंधकाची पुडी मागवली. ती विज्ञानाची पदवीधर होती, पण आठवणीवर विसंबून एका माणसाला फासाशी नेणं किंवा दुसऱ्याला सोडवणं तिला मान्य नव्हतं. जप्तीतला एक चमचा तिनं पंचांसमोर चिंचेनं घासून पांढरा केला. तो आणि काटा एका डब्यात गंधकाच्या भुकटीत पुरले, डबा झाकून उन्हात ठेवला. दरम्यान विकीला कोर्टात उभा करून तिनं फक्त एका दिवसाची कोठडी मागितली. मोठे साहेब भडकले. एका दिवसात काही निघालं नाही, तर बदलीचा अर्ज स्वतःच लिहून आणायला त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडला. चमचा काळा पडला होता. काटा होता तसाच लखलखत होता.

ती उठून थेट जीपकडे गेली. आधी कारखाना, मग डॉक्टरांचं घर.

त्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या बैठकीत सगळे जमले. केसरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विकी तात्याबाच्या शेजारी, बेड्या तशाच. आप्पासाहेब दारापाशी. राजवर्धनला तपासात मदत हवी म्हणून बोलावलं होतं. तो खुर्चीवर सरळ बसला होता.

‘‘चमचे विकीच्या डिकीत सापडले,’’ अंजलीनं सुरुवात केली. ‘‘पण ते काळे होते. शनिवारी घासलेली चांदी चार दिवसांत अशी काळी पडत नाही. तिला गंधक लागावं लागतं. फडक्यातली पूड हळदीची नव्हती, गंधकाची होती. म्हणजे डिकीत येण्याआधी चमचे गंधकात होते. विकीच्या दुकानात तारा आहेत, टीव्ही आहेत. गंधक नाही.’’

विकीनं मान वर केली. आप्पासाहेबांनी खाली घातली.

‘‘मग गंधक कुणाकडे? आप्पासाहेबांच्या बागेत आहे.’’

‘‘हाय,’’ आप्पासाहेब कसेबसे म्हणाले. ‘‘पोती भरून हाय. पर मी न्हाय, बाई.’’

‘‘आणि साखर कारखान्यात आहे. उसाचा रस पांढरा करायला गंधक जाळून त्याचा धूर देतात. म्हणजे दोन ठिकाणं झाली. यातलं कुठलं, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं.’’

राजवर्धन चमकला. ‘‘सर शुद्धीवर आले?’’

‘‘बोलले नाहीत अजून. पण त्यांच्या मुठीत काटा होता.’’

तिनं काटा टेबलावर ठेवला. त्याशेजारी काळा चमचा.

‘‘हा चमचा आणि हा काटा एकाच गंधकात ठेवले होते. चमचा चांदीचा, म्हणून काळा झाला. काटा झाला नाही. रबरातही गंधक असतं, तरी त्यानं काट्यावर पट्टा उमटला नाही. कारण तो चांदीचा नाहीच. सराफ ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, तो पांढरा मिश्रधातू आहे. त्यात चांदीचा कणही नसतो. कसोटीवर घासून घेतलंय.’’

‘‘खोटा?’’ केसरबाई म्हणाल्या. ‘‘आवो, साहेबांनी सोता आणलाय तो.’’

‘‘साहेबांनी आणलेले खरेच होते. दिवाळीत ते एकदाच या घराबाहेर गेले. फोटो काढायला. परत आले ते हे. कुणीतरी एका काट्याचा साचा काढून चार ओतवून घेतले आणि खरे विकले. ओतीव काम चांगलं होतं, मागचं नावसुद्धा उठलं. पण हातानं घडवलेल्या चार काट्यांवर चार वेगळे ओरखडे असतात. एका साच्यातल्या चारांवर एकच ओरखडा, एकाच जागी. शनिवारी डॉक्टर खिडकीशी बसून तेच बघत होते. त्यांनी फोन केला तो पोलिसांना नाही. ज्याच्यावर विश्वास होता, त्याला. सोमवारी पुण्याच्या बाई येण्याआधी त्याच्याच तोंडून ऐकावं म्हणून.’’

राजवर्धनचा चेहरा तसाच होता.

‘‘हा अंदाज आहे, मॅडम. काटे माझ्याकडून परत आल्यावर इथं कुणीही बदलू शकतं. कपाटाला कुलूप नव्हतं.’’

‘‘बरोबर. म्हणून मी सकाळी तुमच्या कारखान्यात जाऊन आले. रविवारी सकाळी तुम्ही बाहेर गेला होतात, हे फाटकावरच्या नोंदवहीत आहे. गंधकाच्या कोठीची किल्ली फक्त तुमच्याकडे असते. दुसरी व्यवस्थापकांच्या तिजोरीत, ती त्यांनी पंचांसमोर काढून दिली. पोत्यांच्या मागे बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. आत उरलेले सगळे चमचे, काळे. आणि तीन काटे, लख्ख. तीनच. चौथा तुम्हाला सापडला नव्हता. म्हणून दवाखान्यात तुम्ही मला चमच्यांबद्दल काहीच विचारलं नाहीत, काट्याबद्दल विचारलंत.’’

अंजलीचा आवाज आता खाली आला होता.

‘‘नुसते काटे गायब झाले असते तर संशय तुमच्यावर आला असता. म्हणून सगळंच नेलंत. नंतर विकीच्या अंगावर ढकलायला सहा चमचे त्याच कोठीत फडक्यात बांधून ठेवले होते, ते जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात येताना डिकीत टाकलेत. तुम्ही केमिस्ट आहात. पुरचुंडी एकदा सोडून पाहिली असती, तर तुम्हालाही लगेच कळलं असतं. पण तुम्हाला घाई होती.’’

राजवर्धननं चष्मा काढला आणि हातरुमालानं पुसला.

‘‘मुंबईचा एक व्यापारी होता,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘त्यानं फोटो पाहिले आणि मागेच लागला. मला वाटलं, इथं कुणाला कळणार आहे? खरं काय, खोटं काय, इथं बघणारं कोण आहे? सर ते काचेमागून बघत बसायचे. खोटेही तसेच बघितले असते. मग ते म्हणाले, संग्रहालयाला द्यायचे.’’

‘‘रविवारी काय झालं?’’

‘‘ओरडले नाहीत. काटा हातात धरून नुसतं विचारत राहिले, का केलंस. मी काटा काढून घ्यायला गेलो. ते सोडेनात. मी ढकललं. काटा कुठे उडाला, ते मला दिसलं नाही. मारायचं नव्हतं मला.’’

तात्याबानं विकीच्या बेड्या काढल्या. मनगट चोळत विकी काकूपाशी गेला, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीचा आधार घेत उठल्या आणि राजवर्धनच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यानं आणलेला डबा त्या खात होत्या.

‘‘येक सांग मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू हितनं निघालास, तवा ते शुद्धीत हुते का?’’

राजवर्धननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

‘‘मी इचारतीया.’’

‘‘होते.’’

‘‘काय म्हनलं?’’

त्याची मान पूर्ण खाली गेली. उत्तर इतकं हळू आलं की दाराशी उभ्या असलेल्या आप्पासाहेबांना ते ऐकूही गेलं नसावं.

‘‘पाणी मागितलं.’’

केसरबाई तशाच उभ्या राहिल्या. अंजलीला वाटलं, त्या आता त्याच्या थोबाडीत मारतील. तिनं अडवायला हात पुढं केला नसता. पण त्या मागं वळल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि माठातलं पाणी तांब्यात भरून, त्यावर फुलपात्र पालथं घालून बाहेर आल्या.

‘‘विकी, गाडी काढ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दवाखान्यात जायाचं हाय.’’